काळी चारमध्ये गाणारा पंखा

आमच्याकडे देवबागेत प्रोपेलर कोणी म्हणत नाही. पंखा म्हणतात, मालवणीत पंखो. आणि आउटबोर्ड इंजिनाला मशीन. माझी होडी फायबरची, मागे चाळीस एचपीची टू-स्ट्रोक मशीन. पर्यटकांना कर्ली नदीच्या मुखापासून डॉल्फिन दाखवायला न्यायचं आणि परतताना सुनामी बेटावर उतरवायचं, हा धंदा. मशीन रुसली की चूल रुसते.

दिवाळीच्या सुट्टीत सकाळपासून तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि चौथीला मी घाई केली, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं. भोगव्याच्या अंगाला सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपं पाण्याखाली वीतभर राहतात. ती जागा मला पोरवयापासून पाठ आहे. तरी त्या दिवशी 'ठक्क' झालं आणि मशीन जागच्या जागी उसळली. उचलून बघतो तर तीन पात्यांपैकी एक मुडपलेलं, त्याचा अंगठ्याएवढा कोपरा गायब.

ऐन मोसमात नवा पंखा मागवून तो येईपर्यंत होडी बांधून ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका वेल्डिंगवाल्याकडे नेला. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा, म्हणजे अ‍ॅर्गन वेल्डिंग लागतं. त्याने तुटलेला कोपरा भरून दिला, पातं ठोकून सरळ केलं, वर चकचकीत पॉलिशही मारलं. दिसायला नव्याहून देखणा. मी खूश.

दुसऱ्या दिवशी पुण्याकडची आठ माणसं घेऊन निघालो. जेटी सोडून मशीन थोडी चढवली आणि खालून आवाज सुरू झाला. सूंऽऽऽ. खडखड नाही, ठोके नाहीत, सरळ एका रेषेतला आवाज. होडीच्या फळीतून तो तळपायाला जाणवत होता. अजून चढवली तर गप्प. उतरवली की मधे एका टप्प्यावर पुन्हा सूंऽऽऽ. होडीतल्या एका आजींनी विचारलं, "डॉल्फिन ओरडतायत का हो?" मी हो म्हटलं. काय करणार!

जेटीवर परतलो तेव्हा तात्या जाळं झाडत बसले होते. ते आमच्या वाडीतले जुने तांडेल, होडी चालवणारे. त्यांनी लांबूनच हाक मारली, "काय रे, तुझी मशीन गाता कित्या?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. त्यांनी निदानच केलं होतं, हे कळायला मला पुढे बारा दिवस आणि साडेसात हजार रुपये लागले.

मेकॅनिकने एक फेरी मारली, कान टवकारला आणि निकाल दिला, "गिअर गेलो. खोलूक होयो." त्याचं म्हणणं असं की, खडपावर आपटल्याचा धक्का शाफ्टमधून सरळ गिअरपर्यंत गेला असणार. ऐकायला पटतं. पण मशीन बनवणाऱ्यांनी याचा विचार आधीच केलेला असतो. पंख्याच्या मधल्या डोलात रबरी बुश दाबून बसवलेलं असतं. पंखा अडकला की ते रबर थोडं घसरतं, धक्का खातं आणि गिअरचे दात वाचतात. म्हणजे संशय घ्यायचा तर आधी बुशचा घ्यायला हवा होता.

गिअर उघडण्याआधी तेल बघितलं, इतपत शहाणपण आम्ही दाखवलं. मशीन रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल केला. आत पाणी शिरलं असेल तर ते तेलाहून जड, तळाशी बसतं आणि आधी तेच टपकतं. घुसळून एकजीव झालं असेल तर तेल दुधाळ चहासारखं दिसतं. आमचं तेल मधासारखं स्वच्छ निघालं. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी लेप होता, बोटांत चोळल्यावर शाईसारखा पसरणारा. दातांचे तुकडे, कणी, चुरा काहीच नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण डोक्यात एकदा 'गिअर' बसला की स्वच्छ तेलसुद्धा संशयास्पद दिसतं. खोललं. पिनियनला १३ दात, मोठ्या गिअरला २६, सगळे धड. ही मोजदाद पुढे उपयोगी पडली, नाहीतर त्या दिवसाची कमाई शून्य. खोललंच आहे तर म्हणून बेअरिंग बदललं, ऑइल सील बदलले. तेल खालच्या भोकातून भरलं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, मग आधी वरचा स्क्रू आणि नंतर खालचा. जोडून पाण्यात सोडली.

सूंऽऽऽ.

मेकॅनिक म्हणाला, नवीन बेअरिंग आहे, बसेल हळूहळू. त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला. त्याला मी फार दोष देत नाही, बोलावलं मीच होतं.

मग मी स्वतः हात घातला. पंख्याशी खेळण्याआधी किल स्विचची क्लिप आणि प्लगच्या टोप्या काढून ठेवतो. नट फिरवताना पंखा हाताने फिरतो आणि गिअर पडलेला असेल तर मशीन तेवढ्यावर उठू शकते. वरची आडवी प्लेट आणि पातं यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला, कॉटर पिन ओढली, नट काढला, पंखा बाहेर. आणि मागच्या वॉशरपाशी तंगूस! मासेमारीच्या हिरवट तंगुसाची, नायलॉनच्या दोऱ्याची, मनगटी जाडीची गुंडाळी, शाफ्टवर आवळून बसलेली. मला वाटलं, सापडला चोर. ही तंगूस हळूहळू तेलाच्या सीलमध्ये घुसते आणि तिथून पाणी गिअरमध्ये. खरंतर नवीन सील घालून पंधरवडाही झाला नव्हता, म्हणजे ही ताजीच कमाई होती. ब्लेडने कापून काढली, शाफ्टच्या खाचांना पाण्याने न धुपणारं ग्रीस लावलं, पंखा परत चढवला.

सूंऽऽऽ.

बुश घसरतंय का ते बघायला ब्लेडने एक बारीक रेघ ओरखडली, आतल्या पितळी नळीपासून बाहेरच्या डोलापर्यंत सरळ, वरून रंगाचा ठिपका. भरधाव चार फेऱ्या मारून आलो. रेघ जिथल्या तिथे, तुटली नाही. म्हणजे बुश पक्कं. शिवाय बुश घसरतं तेव्हा मशीन ओरडते पण होडी पुढे जात नाही, आणि माझी होडी तर नेहमीसारखी पळत होती.

हवा ओढण्याचा संशय तात्यांच्या मुलाने काढला. पंखा पाण्याच्या वरच्या थरातली हवा ओढायला लागला की गुरगुर होते आणि इंजिनाचे फेरे एकदम चढतात. त्यासाठी वरच्या आडव्या प्लेटची उंची बघतात. ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी. माझी पाऊण इंच खाली. मग मशीनचा कल ठरवणारी पिन एक भोक आत घेतली, एक भोक बाहेर. बाहेर घेतल्यावर वळणात हवा ओढली गेली, मशीन किंचाळली, पण तो आवाज वेगळाच, खरखरीत. सूंऽऽऽ मात्र तिन्ही भोकांत तशीच, एकमार्गी. पोकळीकरणाचा प्रश्न नव्हता हे पात्यांवरूनच दिसत होतं. पात्याच्या पाठीवर दाब इतका घटतो की पाणी न तापवता उकळतं, ते बुडबुडे फुटून धातू टोचला जातो आणि पातं देवीच्या वणांसारखं दिसतं. माझं पातं आरशासारखं.

आता प्रत्येक संशयिताला दारापर्यंत सोडून आलो होतो आणि हातात काही उरलं नव्हतं.

इथे माझा पुतण्या आला. तो डबलबारीच्या भजनात पेटी वाजवतो, त्यामुळे मशीन कळत नसली तरी सूर कळतो. संध्याकाळी त्याला होडीत घेतलं. त्याने वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवलं. ही युक्ती त्याने कुठून काढली कोण जाणे, पण लाकडातून आवाज इतका साफ येतो की मी नंतर स्वतःही तसंच ऐकलं. इंजिनाची धडधड बाजूला पडते आणि पाण्यातलं तेवढं उरतं. तो दोन मिनिटं डोळे मिटून होता. मग म्हणाला, "काका, काळी चार."

"म्हंजे?"

"सूर पेटीच्या काळी चारचो आसा. आनी तुम्ही मशीन चढवल्यात तरी तो चढूक नाय. थयच रवलो. मगे एकदम गेलो."

मला पहिल्यांदा काही उमगलं नाही. रात्री जेवताना उमगलं आणि घास हातात राहिला.

गिअर ओरडतो तेव्हा दातावर दात आपटण्याचा तो आवाज असतो. इंजिनाचे मिनिटाला २४०० फेरे धरले तर सेकंदाला ४०. पिनियनचे १३ दात, म्हणजे सेकंदाला ५२० आपट. फेरे वाढवले की आपट वाढणार, सूर घसरत वर जाणार, मींड घेतल्यासारखा. एका जागी उभा राहणं गिअरला शक्यच नाही. पंख्याचं पातं वाकडं असेल तर? गिअर निम्मा वेग करतो, म्हणून पंखा सेकंदाला २० फेरे घेतो. एका वाकड्या पात्याची थरथर २०, तिन्ही पात्यांची ६०. ते कानाने ऐकण्यापेक्षा ढुंगणाने जाणवतं. काळी चार म्हणजे सेकंदाला साधारण ४१५ कंपनं. यांपैकी कशातच ती बसत नव्हती. आणि मुख्य म्हणजे ती हलत नव्हती.

फेरे नक्की किती ते मला अंदाजाने नको होतं. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मीटर उसना आणला. तो आधी माझ्या मशीनला साडेनऊ हजार फेरे दाखवत होता आणि मी मिनिटभर अभिमानाने बघत राहिलो. सेटिंग चुकलं होतं, दुप्पट मोजत होता. नीट केल्यावर आकडा मिळाला. आवाज २२०० ला सुरू, २६०० ला बंद. खाली नाही, वर नाही. गिअर न टाकता नुसती मशीन तेवढीच फिरवली तर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यांकडे गेलो. हे पहिल्या दिवशी करायचं सोडून बाराव्या दिवशी करत होतो. तात्या म्हणाले, "तुझो पंखो काढ, माझो लाव. मगे कळतला काय ता." त्यांची मशीन माझ्याच जातीची, खाचा जुळतात. पंख्याचा पिच त्यांचा ११ इंच, माझा १२. पिच म्हणजे पंखा लाकडात स्क्रू जातो तसा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर. इंचभर फरकाने फेरे जरा चढतात, पण चाचणीला चालतं. लावला. २००० पासून ३५०० पर्यंत हळूहळू चढवली, हळूहळू उतरवली.

शांत. नुसता पाण्याचा सळसळाट.

मग माझा पंखा तात्यांच्या मशीनवर. जेटीवरून शंभर हात गेले नसतील तोच सूंऽऽऽ. तात्यांनी मशीन बंद केली, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. दोन पंखे अदलाबदल करायला अर्धा तास लागला होता. साडेसात हजारांची बेअरिंगं मशीनच्या पोटात मजेत फिरत होती.

पंखा घरी आणून ओट्यावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. पात्याची पुढची कड पाणी कापते, मागच्या कडेवरून पाणी सुटतं. आम्ही सगळे पुढची कड बघतो, कारण मार तिलाच लागतो. मी डोळे मिटून तिन्ही मागच्या कडा चिमटीत धरून बघितल्या. दोन कडा वहीच्या पुठ्ठ्यासारख्या पातळ, काटकोनी. तिसरी, वेल्डिंग केलेली, आगपेटीच्या काडीहून जाड आणि गोल, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. तेच देखणं पॉलिश.

खाडीत रोवलेला बांबू सुकतीच्या ओढीला बघितलाय कधी? पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे येतं आणि भोवरे सुटतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. प्रत्येक भोवऱ्यासरशी बांबूला हिसका बसतो आणि तो थरथरत राहतो. पात्याच्या जाड, गोल मागच्या कडेवर हेच चालतं. आता प्रत्येक पात्याला स्वतःचा एक सूर असतो. टांगून बोटाने टिचकी मारली तर ऐकू येतो, पाण्यात तो बराच खाली उतरतो. भोवरे सुटण्याचा वेग त्या सुराजवळ आला की पातं थरथरायला लागतं आणि उलट भोवऱ्यांनाच आपल्या तालावर नाचवतं. मग फेरे थोडे वाढवा, थोडे कमी करा, सूर तोच. फारच पुढे गेलात की पकड सुटते आणि एकदम शांत. माझे २२०० ते २६०० ते हेच. इंग्रजीतही याला पंख्याचं गाणंच म्हणतात. तात्यांना इंग्रजी येत नाही.

पहिला प्रयत्न चुकला. मला वाटलं, खडबडीतपणा राहिला असेल, अजून गुळगुळीत करू. पॉलिश पेपरने तासभर घासलं. पाण्यात घातलं तर पुतण्या म्हणाला, आता काळी चारच्या जरा वर लागतोय. म्हणजे मी त्याला सुरात आणत होतो.

गोल कडेवर पाणी नक्की कुठून सुटायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून भोवऱ्यांना खेळायला जागा मिळते. हवा होता तो धारदार कोपरा, जिथून पाणी एकाच रेषेवर सुटेल. म्हणजे मागच्या कडेला एकाच बाजूने उतार द्यायचा, सुताराच्या पटाशीसारखा. मोठ्या जहाजांच्या पंख्यांना असा उतार मुद्दाम देतात.

ग्राइंडर लावला नाही. अ‍ॅल्युमिनियम ग्राइंडरच्या चाकात भरून बसतं आणि हात एकदा घसरला की पातं गेलं. साधी सपाट कानस घेतली. कानशीतही ते भरतंच, दातांत चंदेरी गुठळ्या अडकतात आणि मग त्याच पात्यावर ओरखडे काढतात. म्हणून शाळेचा खडू कानशीवर आधी चोळायचा, दर पाच मिनिटांनी पुन्हा चोळायचा. चिमटीत तपासत, एकाच दिशेने, मुळापासून टोकाकडे. जाडी बाकीच्या दोघांइतकी आली तेव्हा उतार काढला. तिन्ही पात्यांना सारखाच, नाहीतर एक हलकं आणि दोन जड व्हायची.

तोल बघायला लाकडाचे दोन बुच शंकूसारखे तासले, डोलाच्या दोन्ही तोंडांत बसवले, मधून सळई. सळईची टोकं दोन सरळ लोखंडी पट्ट्यांच्या धारेवर ठेवली. पंखा हलकेच फिरवून सोडला की जड पातं खाली येऊन थांबतं. वेल्डिंगचं पातं दर वेळी खाली. त्याच्या पाठीवर डोलाजवळ वेल्डिंगचा एक गोळा उरला होता, तो उतरवत गेलो. तीन-चारदा केल्यावर पंखा मनाला येईल तिथे थांबायला लागला. वेल्डिंगवाल्याने हे का केलं नसेल, असं मनात आलं. पण मीही त्याला नुसतं 'सरळ करून दे' एवढंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला, ग्राहक नसताना, मी आणि पुतण्या निघालो. मीटर लावलेला. २०००. २२००. मी श्वास धरून होतो. २४०० ला पुतण्याने वल्हं पाण्यात घातलं आणि कान लावला. २६००. ३०००. परत खाली. सुनामी बेटाला एक पुरा वळसा घातला.

"काय?"

"सूर लागणा नाय, काका," तो म्हणाला आणि जरा नाराजच दिसला.

मागे घेताना, रिव्हर्समध्ये जोर दिला की अजून एक क्षणभर हलकी गुणगुण येते. उलट फिरताना पुढची कड मागची होते, आणि ती गोलच असते. जेटीला लावताना दोन सेकंदांचं काम, तेवढं मी सोडून दिलं आहे. नवा पंखा मागवून घरी माळ्यावर ठेवलाय, पिशवी अजून फोडलेली नाही. बुशवरची रेघ दर आठवड्याला बघतो. तात्या जेटीवर असले की माझी होडी आत येताना मान वाकडी करून ऐकतात, मग परत जाळं झाडायला लागतात.